ती पाल की ते पाल

माझे वडील जत्रांमधून देवांचे फोटो विकायचे. पौषात सुरुवात व्हायची ती थेट अक्षय तृतीयेपर्यंत. एक जत्रा उठली की दुसरी. टेम्पोत काचा, लाकडी पट्ट्या, खिळ्यांचे डबे, फोटोंचे गठ्ठे, आणि त्या सगळ्यावर आम्ही तिघं. जागा मिळाली की पाल (जत्रेतल्या दुकानदाराचा कापडी तंबू) उभं करायचं. पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात संसार. वारा सुटला की आई दोन्ही हातांनी मधली मेढ धरून उभी राहायची, कारण वारा आत घुसला तर काचा राहणार नाहीत. अवकाळी पाऊस आला की एकच नियम होता, कापडाला आतून हात लावायचा नाही. जिथे बोट लागेल तिथून पाणी उतरतं. मी नववीपर्यंतचा अभ्यास फोटोंच्या उलट्या बाजूकडे तोंड करून केला आहे. देवांच्या पाठी कशा असतात ते मला विचारा. पुठ्ठा, चार खिळे आणि एक कडी.

सातवीत असताना एका जत्रेत माझ्या वर्गातला मुलगा आपल्या आईवडिलांबरोबर नेमका आमच्या पालापुढे येऊन उभा राहिला. मी झटकन एका मोठ्या फोटोआड बसलो. त्यांना वर टांगलेला फोटो हवा होता आणि वडिलांना हाताखाली कुणीतरी लागणार होतं. ते हाक मारायला वळले. माझ्याकडे बघितलं, त्या मुलाकडे बघितलं, आणि स्वतःच खोक्यावर चढले. पाय लटपटत होता त्यांचा. यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही.

पुढे मी शिकलो. आमच्या सगळ्या भावकीत पहिला पदवीधर मी. इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी केली, तिथून इंग्लंडला आलो. हे मी कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो. वडील काय करायचे असं कुणी विचारलं तर म्हणतो, "फोटो फ्रेमचं दुकान होतं." खोटं नाही. दुकान होतंच. त्याला भिंती नव्हत्या, एवढंच मी सांगत नाही. माझ्या लग्नाच्या आधी वडिलांनी कराडात खरोखरचा गाळा घेतला, त्यामुळे बायकोचाही तसाच समज झाला आणि मी तो तसाच राहू दिला. पंधरा वर्षं.

हे आधी सांगावं लागलं, कारण गेल्या मे महिन्यात आम्ही कॅम्पर घ्यायचं ठरवलं आणि तो कापडी घ्यायचा की बंद, हा प्रश्न आला.

आमचं घर लंडनच्या वायव्य टोकाला, स्टॅनमोरला. माझी बायको वैशाली मूळची पुण्याची. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती आधी तक्ता करते. तिच्या तक्त्यात दोन रकाने होते. एक पॉप-अप. मिटला की कमरेएवढी पेटी, गाडीला जोडून न्यायची. उघडला की वर कापडी तंबू उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना पलंग बाहेर येतात. दुसरा बंद कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली.

"मिटला की गॅरेजमध्ये जातो," वैशाली म्हणाली. "बंदवाला ड्राइव्हवर (घरापुढच्या गाडीच्या जागेवर) उभा केला तर आपल्याला हॉलमध्ये दिवसा दिवा लावावा लागेल. शिवाय आपली गाडी तो ओढताना रडेल."

"कापडात थंडी वाजते," मी म्हणालो.

"मेमध्ये?"

"आवाज येतो. लोकांचं बोलणं ऐकू येतं. कुलूप लागत नाही."

"दत्ता, आपण कॅम्पिंगला चाललोय, बँकेच्या लॉकरमध्ये नाही."

आई त्या वेळी आमच्याकडे आली होती. उन्हाळ्यापुरती. वडील आता राहिले नव्हते. ती टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. तिला सगळं कळत होतं हे मला कळत होतं, आणि ती काही बोलणार नाही हेही. शेवटी असं ठरलं की दोन्ही भाड्याने घेऊन बघायचे. महिनाअखेरच्या बँक हॉलिडेला (सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला) कापडी आणि त्याच्या पुढच्या शनिवार-रविवारी बंद.

शुक्रवारी दुपारी निघालो. माझं ऑफिस बेसिंगस्टोकला, आणि भाड्याचे कॅम्पर मिळायचं यार्ड तिथून जवळच, एका शेताच्या कडेला. यार्डवालीने दोन्ही उघडून दाखवले. मी आधी बंद कॅम्परमध्ये शिरलो आणि बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. आवाज आला. मला उगाचच बरं वाटलं. आमची दहा वर्षांची सई मागून आली आणि तिनेही टकटक केलं.

"बाबा, ही तर फ्रिजच्या आतमध्ये आल्यासारखा वाटते."

"वाटतं," मी म्हणालो. "आल्यासारखं वाटतं."

सई इथे जन्मली. मराठी बोलते, पण लिंगात मार खाते. तिची वही 'तो', तिचा डबा 'ती'. मी दर वाक्याला दुरुस्त करतो. माझा तो छंदच आहे म्हणा. पोरीचं मराठी शुद्ध हवं, हा माझा अभिमानाचा विषय.

आई बंद कॅम्परच्या दारातूनच परतली. "लई चकचकीत हाय," एवढंच म्हणाली. कापडी कॅम्परपाशी मात्र ती थांबली. कापडाची कड दोन बोटांत धरून चोळली, शिवण उलटी करून बघितली. मी तिला म्हणालो, "आई, चल, उशीर होतोय." उशीर होत नव्हता.

यार्डवालीने जाताना एकच अट सांगितली. परत आणताना वाळवून आणा. ओलं मिटलं तर दोन दिवसांत बुरशी धरते. पाऊस लागला तर घरी नेऊन उघडा, वाळवा, मग मिटा. मंगळवारी सकाळी कोरडा हवा. मी हो म्हणालो. त्या 'हो'चा अर्थ तेव्हा लक्षात आला नाही.

वाटेत एका सर्व्हिसेसला (हायवेवरच्या थांब्याला) थांबून गाडीच्या डिकीवर डबे मांडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सईसाठी चीज सँडविच. शेजारच्या गाडीतल्या बाईने वासाने मान वळवली. आईने तिच्यापुढे दशमी धरली, भाषेचा एक शब्द नसताना. बाईने घेतली, खाल्ली, अंगठा दाखवला. आई खूश. "बग, खाती की. तू उगंच डबा झाकाय लागलास." मी खरंच झाकायला लागलो होतो.

डॉर्सेटमध्ये शिरलो आणि रस्ते एकदम आकसले. दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच झुडपं, मध्ये एकच गाडी मावेल एवढी वाट. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. मागे घ्यायचं म्हणजे कॅम्परसकट. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, कॅम्पर उजवीकडे गेला. उजवीकडे फिरवलं, तर तो झुडपात. ट्रॅक्टरवरचा म्हातारा खाली उतरला, खिडकीशी आला आणि म्हणाला, "सावकाश घ्या. गवत काही कुठे जात नाही." आणि मग हातवारे करत मला पाव मैल मागे नेलं. शेवटी आई म्हणाली, "बैलं असती तर कवाच मागं सरली असती." वैशाली हसून हसून रडली. मीही हसलो. तो प्रवास तोवर चांगला चालला होता, हे सांगितलं पाहिजे.

कॅम्पसाइट समुद्राच्या वरच्या अंगाला, उतारावरचं कुरण. आमचं पिच (आखून दिलेली जागा) कुंपणाशी. पलीकडे कीथ नावाचा निवृत्त गृहस्थ आणि त्याची बायको. त्यांचाही कॅम्पर कापडीच, जुना, ठिगळं लावलेला. कीथ हातात चहाचा मग घेऊन आला, आमचं उघडणं बघत उभा राहिला. इंग्रज माणूस मदत करू का असं विचारण्याआधी तुम्हाला पुरेसं चुकू देतो.

आम्ही पुरेसं चुकलो. छप्पर वर गेलं, पलंग बाहेर आले, पण दारापुढचं जोडीचं कापडी छप्पर ताठ होईना. आईने चप्पल काढून ठेवली, आली आणि माझ्या हातातली दोरी घेतली. वाऱ्याकडची मेख आधी, मग समोरची, मग दोरीला तिरका पीळ. कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणलं गेलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

कीथने चहाचा मग खाली ठेवला. "अरे वा," तो म्हणाला. "यांनी पूर्वी कॅम्पिंग केलेलं दिसतंय. विचारा ना त्यांना."

मी आईला विचारलं. विचारायलाच लागलं.

आईच्या तोंडावर असा उजेड मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "सांग त्येस्नी," ती म्हणाली, "निम्मा जल्म पालात गेला माझा. असली धा पालं एकटीनं उभी करीन म्हनावं."

मी कीथकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, जागा फार सुंदर आहे."

कीथने मान डोलावली. पण एवढ्या लांब उत्तराचं एवढंसं भाषांतर झालं हे त्यालाही जाणवलं असणार. सईला तर जाणवलंच. तिने एक शब्द पकडला होता.

"बाबा, आजी 'पाल' म्हणाली. पाल म्हणजे लिझर्ड ना? आजी पालमध्ये राहायची?"

आता इथे थोडं व्याकरण. मराठीत भिंतीवरची ती पाल, आणि तंबूचं ते पाल. 'पालीत' म्हटलं तर एक, 'पालात' म्हटलं तर दुसरं. फरक एका वेलांटीचा. आई 'पालात' म्हणाली होती, स्वच्छ म्हणाली होती. जी पोरगी 'तो वही' म्हणते तिला हा फरक ऐकू येणार नव्हता. आणि जो बाप तिच्या दर वाक्यातलं लिंग दुरुस्त करतो, त्याने या वेळी केलं नाही.

"हो," मी म्हणालो. "पाल म्हणजे लिझर्ड. आजीच्या जुन्या घरात भिंतींवर खूप पाली होत्या."

"ईऽऽ!" सई किंचाळली, आणि कीथकडे धावली. "माय ग्रॅन लिव्ह्ड विथ लिझर्ड्स!" मग दोन्ही हात वर करून, बोटं फाकवून, भिंतीवर चढल्याची नक्कल करत ती आजीकडे आली. "आजी, एवढी पाल होती? अशी?"

आईने तिची बोटं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. तिला इंग्रजी येत नाही. पण पोरगी पालीची नक्कल करते आहे हे बघायला इंग्रजी लागत नाही. मी काय केलं ते तिला कळलं. मी मान खाली घातली.

"व्हय गं बाई," आई सईला म्हणाली. "लई पाली होत्या. अशा एवढाल्या."

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. कड्याच्या काठाने फिरायला गेलो. पांढऱ्या खडूचे कडे, खाली समुद्रात सुटे उभे राहिलेले त्याच दगडाचे सुळके, आणि कड्याच्या अगदी तोंडापर्यंत चरणाऱ्या मेंढ्या. जागा फार सुंदर आहे. ते भाषांतर खोटं असलं तरी जागेबद्दल खरं होतं. एका टपरीवर गरम पेस्टी (मैद्याच्या पारीत भरलेलं बटाटा-मांसाचं सारण) मिळाली, आईसाठी चीज-कांद्याची. "करंजीच की, तिखटाची," ती म्हणाली.

वैशाली आणि सई पुढे गेल्या होत्या. आई बाकावर टेकली, मी तिच्या शेजारी.

"दत्तू, राग आला व्हय रं?"

"मला? कशाचा?"

"काल त्या गोऱ्याम्होरं निसटलं तोंडातनं. तुज्या बापानं सांगून ठिवल्यालं मला. पोरगं शिकलंय, पालाचं नाव काडायचं न्हाई त्याच्या मानसांत. पंदरा वर्सं सांबाळलं बग. काल दोरी हातात आली आन् भान ऱ्हायलं न्हाई." तिने पेस्टीच्या कागदाची बारीक घडी केली. "चुकलं माझं."

मी काय म्हणालो? "अगं, असू दे," असं म्हणालो. म्हणजे चूक तिची आहे हे मान्य करून वर उदार झालो. माफी मागायची होती मी, मागितली तिने, आणि मी ती घेतली.

संध्याकाळी पाऊस आला. आम्ही चौघं आत बसून पिठलं-भात खात होतो. कापडावर तडतड आवाज, आणि सईने छतावर आतून पाणी सरकताना बघून बोट उचललं.

"हात लावू नगंस!" आई एवढ्या जोरात म्हणाली की सईचा चमचा पडला. "बोट लागलं की तितनं गळतंया."

खरं तर हल्लीच्या कापडांना तेवढा त्रास नसतो. पण सई ऐन वेळी थांबू शकली नाही. बोट टेकलं आणि तिथून एक थेंब तिच्या ताटात पडला. आजी जादूगार असल्यासारखी सई बघत राहिली.

"आई, तुम्हाला कसं माहीत?" वैशालीने विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. "आसंच. ऐकल्यालं कुनाकडनं तरी."

वैशालीने मात्र माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी भात कालवत राहिलो.

रविवारी पाऊस थांबलाच नाही. ओला कॅम्पर ओलाच मिटावा लागला. कीथने निघताना गाडीच्या टपावर थाप मारली. "घरी गेल्यावर उघडा हं. आम्ही तीस वर्षं दारातच वाळवतोय, आमची गल्ली हसते आम्हाला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दारात. स्टॅनमोरला. माझ्या घरापुढे, गल्लीसमोर, पाल ठोकायचं.

आणि सोमवारी चार वाजता आईला भेटायला शिरीष आणि त्याची बायको येणार होते. शिरीष मुंबईचा, फायनान्समध्ये. आमच्या मंडळातला सगळ्यात बोलका माणूस. त्याच्या तोंडून गेलेली गोष्ट दोन दिवसांत सगळ्या मराठी घरांत पोचते.

सोमवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी कॅम्पर गॅरेजमध्ये ढकलला, शटर अर्धं ओढलं आणि जेवढा उघडेल तेवढा उघडला. छप्पर गॅरेजच्या छताला टेकलं. एक हीटर, एक टेबलफॅन आणि वैशालीचा हेअर ड्रायर लावला. ओल्या कापडाचा वास सुटला. तो वास तीस वर्षांनी जसाच्या तसा आला. मला वाटलं होतं तो वास त्या गावांचा होता. नाही. कापडाचाच होता.

वैशाली दारात येऊन उभी राहिली. "बाहेर एवढं ऊन आहे आणि तू इथे हेअर ड्रायर घेऊन काय करतोयस?"

"लोक येणारेत चारला."

"मग?"

मी ड्रायर कापडाच्या दुसऱ्या कडेकडे फिरवला. ती आत गेली. मग आई आली. शटरखालून वाकून.

"आरं, हितं कसं वाळायचं? कापडाला ऊन दाव की."

"नको आई. बाहेर नको."

तिने मला का म्हणून विचारलं नाही. "बरं," म्हणाली. कोपऱ्यातला जुना टॉवेल घेतला, पदर खोचला, उकिडवी बसली आणि त्या अंधारात कापड खालून पुसायला लागली. एक हात शिवणीवर, एक हात टॉवेलवर. गुडघे दुखतात तिचे. जमिनीवर बसू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी हेअर ड्रायर हातात धरून बघत होतो. ती माझ्यासाठी पाल लपवत होती. आणि मला खोक्यावर चढणारे वडील दिसले, तो लटपटणारा पाय दिसला. बारा वर्षांच्या पोराचं एक वेळ समजू शकतो. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, पदवीधर होतो आणि अजून फोटोमागेच बसलो होतो.

मी शटर पूर्ण वर केलं. "आई, ऊठ. बाहेर घेऊ."

ड्राइव्ह डांबरी. मेख मारायची कुठे? आईने कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बोट दाखवलं. "त्ये आन. पानी भर त्यात." एका बाजूला निळा डबा, एका बाजूला तपकिरी, दोन्हींत पाइपने पाणी, आणि त्यांना दोऱ्या. मी मेढ धरली, आई तणावे, म्हणजे ताणाच्या दोऱ्या, ओढत होती, आणि माझ्या तोंडून आपोआप जुने शब्द यायला लागले. "आई, वाऱ्याकडचा तणावा सैल हाय. मेढ जरा आत घे." वैशाली आणि सई पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. सईने बापाला 'हाय' म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, मेढ काय असतो?"

"मेढ काय असते," मी म्हणालो. "पालाचा मधला खांब. सई, इकडे ये. शुक्रवारी मी तुला खोटं सांगितलं. पाल म्हणजे लिझर्ड, ती पाल. पण हे जे आहे ना, हे कापडाचं, हे पण पाल. ते पाल. आजी पालीबद्दल बोलत नव्हती. आजी, आजोबा आणि मी अशा पालात राहायचो. निम्मं वर्ष. जत्रेत. पुढे फोटो विकायचे, मागे आम्ही झोपायचो."

"आजी, खरंच? तू पालमध्ये राहायची?"

"पालात," मी म्हणालो.

आईने आधी माझ्याकडे बघितलं. बोलू का, असं. स्वतःच्या आयुष्याबद्दल एक शब्द बोलायला माझी आई माझी परवानगी बघत होती. मी मान हलवली.

"व्हय गं," ती म्हणाली. "पालात."

वैशाली खाली आली आणि माझ्याशी हळू आवाजात बोलली. "पाल होतं याचं मला काहीही नाही, दत्ता. आईंना पंधरा वर्षं जीभ सांभाळायला लावलीस, त्याचं आहे." मग तिने निळ्या डब्याची दोरी घट्ट केली.

चारला शिरीष आला. गेटमधूनच ओरडला, "काय रे दत्ता, दारात जत्रा भरवलीस की काय?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. सई माझ्याकडे बघत होती आणि आई तिच्याकडे.

"हो," मी म्हणालो. "आमचं पाल असायचं जत्रेत. फोटोंचं. त्यातच राहायचो आम्ही."

"म्हणजे... स्टॉल?"

"पाल."

शिरीषने पालाकडे वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "मजा असेल ना लहानपणी! रोज जत्रा!"

"नाही रे. मजा नव्हती. लाज वाटायची. कालपर्यंत वाटत होती."

"आणि आज?"

"आजही वाटते. पण आज लाज वाटते ती माझी स्वतःची."

त्याच्या बायकोने प्रसंग सावरला. चपला काढून सरळ पालात शिरली आणि म्हणाली, "काकू, चहा इथेच घेऊ या?" आई म्हणाली, "घ्या की. पर कापडाला हात लावू नगा, वलं हाय." आणि तिने त्यांना काचांच्या पेट्या कशा बांधायच्या, वाऱ्याचा अंदाज कशावरून घ्यायचा, आणि वडील गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे ते सांगितलं. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. तिला कधी विचारलं नव्हतं.

मंगळवारी कॅम्पर कोरडा परत केला. त्याच्या पुढच्या शनिवारी बंद कॅम्पर घेऊन त्याच साइटवर गेलो. बोललो होतो म्हणून, आणि तक्त्यातला रकाना भरायचा म्हणून. थंडी वाजली नाही, आवाज आला नाही, कुलूप लागलं. भिंतीवर टकटक केलं, ती वाजली. आई खिडकीशी बसून राहिली आणि एकदाच म्हणाली, "पाऊस आला का गेला, कायबी कळंना ह्यात." कीथ अजून तिथेच होता. मी त्याच्याकडे गेलो आणि मागच्या वेळचं भाषांतर दुरुस्त केलं, आईचं सगळं वाक्य, दहा पालांसकट. त्याने ते नीट ऐकून घेतलं. मग आईपाशी गेला आणि आपल्या कॅम्परची एक सैल दोरी दाखवून खुणेने विचारलं, ही जरा बघता का. आई लगेच उठली.

जूनअखेर ती परत गेली. विमानतळावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "पानी पी जरा, घसा बसलाय तुजा." माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते तिने तिच्याकडेच ठेवावं.

आम्ही कापडी कॅम्पर घेतला. मिटला की गॅरेजमध्ये मावतो. पाऊस लागला की दारात उघडून वाळवतो, कचऱ्याच्या डब्यांना बांधून, गल्लीसमोर. सई वहीला अजून 'तो'च म्हणते. पण भिंतीवरची ती पाल आणि आमचं ते पाल, यात ती आता चुकत नाही.